फाल्गुनात वाजलेला ढोल

१

उत्तरेश्वर क्षीरसागर वैशाखात वारले आणि आश्विनात त्यांनी बायकोला फोनवर बजावलं, की शेअर विकू नकोस.

नंबर त्यांचाच होता, आवाज त्यांचाच होता आणि बोलण्याआधी घसा खाकरायची पद्धतही त्यांचीच. हे सगळं सरोजिनीबाईंनी इतक्या कोरडेपणाने सांगितलं, की जणू दूधवाला एक दिवस उशिरा आला एवढंच काय ते झालं होतं. प्रियदर्शनी गजभिये समोर बसून ऐकत होती. नागपूरहून पुण्यात येऊन तिने विमा कंपनीत बरीच वर्षं संशयास्पद दावे तपासले होते आणि आता स्वतःचं तपासाचं ऑफिस थाटलं होतं. कागदावर मेलेली जिवंत माणसं तिने डझनभर पाहिली होती. पण मेलेल्या माणसाने शेअर बाजारावर सल्ला द्यावा, हे प्रकरण तिलाही नवीन होतं.

"असाच रेकॉर्ड केलेला निरोप पुन्हा पौषात आला," सरोजिनीबाई म्हणाल्या. "आणि तिसरा परवा."

"सल्ला बरोबर निघाला?"

"आधीचे दोन्ही. बाजार पडला, ते नको विकू म्हणाले, आणि महिन्याच्या आत सगळं होतं तिथे परत आलं. जिवंतपणी इतकं अचूक नव्हतं हो!"

शनिवार पेठेतल्या नदीकाठच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहत होत्या. क्षीरसागर सर संख्याशास्त्राचे प्राध्यापक, पण कॉलेज खासगी असल्याने पेन्शन नव्हती. मागे ठेवले ते शेअर, आणि त्यांच्यावरच बाईंचं उरलेलं आयुष्य चालायचं होतं. मुलगा अभिनव वाघोलीत राहून आयटीत नोकरी करत होता. त्याचा आग्रह होता, की आईने सगळे शेअर विकावेत, पैसे दोघांच्या नावावर ठेवावेत आणि वाघोलीला राहायला यावं. सोमवारी सह्या व्हायच्या होत्या.

"आणि सरांचा फोन कुठे आहे?"

"दवाखान्यातून गायब झाला. चोरीला गेला असं धरून चाललो होतो. नंबर बंद पडू नये म्हणून मीच रिचार्ज मारते. खुळेपणा आहे, ठाऊक आहे."

त्यांनी परवाचा निरोप लावला. घसा खाकरल्याचा आवाज, आणि मग एक ठाम, थकलेला पुरुषी स्वर खोलीभर पसरला.

"ऐक. दरवर्षी या सुमाराला बाजार असा झोका खातो. ही हंगामी घसरण आहे, थोड्या दिवसांची. मूळ गुंतवणुकीला हात लावू नकोस. घाबरू नकोस, मी आहे. आणि साडेतीन वाजले की फोन खाली ठेव अन् आधी जेवून घे."

शब्दांच्या मागे, खूप लांबून, ढोल वाजत होते.

फाल्गुनातल्या भर दुपारी त्या स्वच्छ, उजेडी खोलीत प्रियदर्शनीला उगीचच दाराकडे पाहावंसं वाटलं.

"काकू, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"भुताखेतांवर माझा विश्वास नाही," बाई म्हणाल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पण 'घाबरू नकोस' असं ते मला उभ्या संसारात कधी म्हणाले नव्हते. 'तुला काय कळतंय', एवढंच म्हणायचे. गेल्यावर माणूस मऊ झाला असं वाटायला लागलंय. आणि तसं वाटलेलं मला आवडतंय. म्हणून तुम्हाला बोलावलं. मला आवडतंय म्हणून मी सगळं घालवून बसायची."

तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन उजळला. सरांच्या नावाखाली एक शब्द उमटला होता. ऑनलाइन.

सरोजिनीबाईंनी फक्त खांद्यावरचा पदर सारखा केला, आणि तो शब्द पुसला जाईपर्यंत ताठ बसून राहिल्या.

२

ऑफिसात प्रियदर्शनीने तो निरोप कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकला. तिचा रस सरांच्या बोलण्यात नव्हता, मागच्या ढोलांत होता.

पुण्यात फाल्गुनात ढोल वाजूच शकत नाही असं नाही. तिथीची शिवजयंती असते, लग्नाच्या वराती असतात. पण हे ढोल मिरवणुकीचे नव्हते. एक तुकडा वाजत होता, मध्येच शिट्टी होत होती, सगळं थांबत होतं, आणि तोच तुकडा पहिल्यापासून सुरू होत होता. मिरवणूक काही अडखळून तेच तेच वाजवत नाही. तसं वाजवतात ती नवी पोरं, पथकाच्या सरावाला, नदीपात्रात. आणि तो सराव आषाढाच्या आसपास सुरू होऊन गणपतीला संपतो. ज्याच्या खिडकीखाली नदी आहे त्याला ते दोन महिने दुसरं काही ऐकू येत नाही.

सर वैशाखात गेले. म्हणजे हे बोलणं निदान त्याच्या आदल्या वर्षीचं होतं. सर बोलत नव्हते. सरांनी कधीतरी बोलून ठेवलेलं कोणीतरी त्यांच्याच फोनमधून उचलून पुढे पाठवत होतं.

ही उकल सापडल्यावर तिला हायसं वाटायला हवं होतं. झालं उलटंच. भूत असतं तर त्याला निदान बायकोची काळजी होती असं म्हणता आलं असतं. आता एक जिवंत माणूस कुठेतरी बसून, बाजार पडायची वाट पाहून, एका विधवेला तिच्या नवऱ्याचा आवाज पाठवत होता.

आणि दुसरा प्रश्न त्याहून वाईट होता. ढोल ऐकू येत होते, म्हणजे सर तेव्हा घरीच होते. घरात शेजारी बसलेल्या बायकोला कोणी फोनवर निरोप पाठवत नाही. मग "घाबरू नकोस, मी आहे" हे त्यांनी नेमकं कोणाला सांगितलं होतं?

३

दत्तप्रसाद गोखलेनगरात राहायचा आणि बुधवार पेठेत, एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानावर, शेअर दलालीचं छोटं ऑफिस चालवायचा. दर शनिवारी सकाळी तिथे गुंतवणूकदारांचा कट्टा भरे, आणि क्षीरसागर सर त्या कट्ट्याचे गुरू होते. त्यांची खुर्ची अजून रिकामी ठेवलेली होती. प्रियदर्शनी चुकून तिच्यात बसायला गेली तर दत्तप्रसादने अक्षरशः हात आडवा घातला.

"तुमच्यावर संशय येतो हे कळतंय ना?" तिने विचारलं. "बाजार कळतो, सर ओळखीचे, दवाखान्यातही तुम्ही होता."

"येऊ द्या. पण बाई, सरोजिनीबाईंनी शेअर विकले तर मला दलाली मिळते. धरून ठेवले तर मला काय मिळतं? चहा. तोही त्या फिका करतात."

मुद्दा बिनतोड होता. तिने निरोप ऐकवला. दत्तप्रसाद आधी हात जोडून ऐकत होता. शेवटी मात्र त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आवाज सरांचा आहे, पण हे सर बोलणार नाहीत. आत्ता नाही."

"का?"

त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. बाजाराची वेडीवाकडी रेघ वरखाली जात होती आणि तिच्याखालून एक सावकाश चढत जाणारी, शांत रेघ होती.

"ही खालची दोनशे दिवसांची सरासरी. सर म्हणायचे, बाजारालाही ऋतू असतात. पितृपक्षात लोक खरेदीला कचरतात, वर्षाअखेरीला परदेशी मंडळी विकून सुट्टीवर जातात, मार्चमध्ये कराच्या हिशेबापायी विक्री होते. या घसरणी येतात आणि जातात. पण एकच अट. बाजार या खालच्या रेघेच्या वर असेल तोवरच ती हंगामी घसरण. रेघ तोडून खाली गेला आणि आठवडाभरात परत आला नाही, तर ऋतू वगैरे विसरा आणि निम्मं विकून बाजूला व्हा. आमच्या कट्ट्यावरच्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा, हेच सांगेल."

वेडीवाकडी रेघ खालच्या रेघेला ओलांडून केव्हाच खाली उतरली होती.

"आश्विनात?"

"वर होती. पौषातही वर होती. या वेळी नाही."

"मग हे तुम्ही काकूंना का नाही सांगितलं?"

"सांगितलं की!" दत्तप्रसाद खिन्नपणे म्हणाला. "त्या म्हणाल्या, 'ह्यांचं मत वेगळं आहे.'"

४

शुक्रवारी दुपारी ती वाघोलीला पोचली. अभिनव घरूनच काम करत होता; त्याची बायको नम्रता जवळच्या कॉलेजात शिकवत होती आणि नुकतीच परतली होती. दोघंही अगत्याने बोलले. नम्रताने तर सासूसाठी तयार ठेवलेली खोली दाखवली. पलंगावर नवी चादर होती.

"आई आल्या तर बरंच होईल," ती म्हणाली. चादरीवर नसलेली सुरकुती तिने हाताने सारखी केली.

अभिनव टेबलाशी बसला. समोर ऑफिसचा लॅपटॉप उघडा होता, पण त्याची नजर होती बाजूला ठेवलेल्या फोनवर. शेजारी जेवणाचं ताट झाकून ठेवलेलं होतं. वरण निवून घट्ट झालं असणार.

"आईच्या मनावर परिणाम झालाय," तो म्हणाला. "कोणीतरी खोडसाळपणा करतंय. सोमवारी एकदा सह्या झाल्या की विषय संपला. मी तर म्हणतो, तुम्ही तपास थांबवा. तुमची फी मी देतो."

"एकदा ऐकून तर घ्या," प्रियदर्शनी म्हणाली आणि निरोप लावला.

बापाचा आवाज खोलीत उमटला. अभिनवचा चेहरा पांढराफटक पडला, पण तो चकित झाला नाही. तो फोनकडे बघत नव्हता. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. त्याच क्षणी आत नम्रताने नळ पूर्ण सोडला. "घाबरू नकोस, मी आहे" हे शब्द पाण्याच्या आवाजात बुडून गेले.

नवरा-बायको एकाच घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना उभे होते, आणि त्या घरात तिसरं कोणीतरी राहत असल्याचा विचित्र भास प्रियदर्शनीला झाला. ती उठायच्या बेतात होती.

इतक्यात साडेतीन वाजले. अभिनवने हातातला फोन पालथा टाकला, ताटावरचं झाकण काढलं आणि कोणी हुकूम सोडल्यासारखा गारढोण भात कालवायला लागला.

प्रियदर्शनी परत खाली बसली. निरोप कोणासाठी होता, हे तिला कळलं होतं.

५

रविवारी सकाळी तिने सगळ्यांना शनिवार पेठेत बोलावलं. दत्तप्रसाद सोफ्याच्या कडेला अवघडून बसला, अभिनव खिडकीशी, नम्रता सासूजवळ. सरोजिनीबाईंनी चहा केला होता. फिकाच होता.

"निरोप जुने आहेत," प्रियदर्शनीने सुरुवात केली आणि ढोलाचं सांगितलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. "म्हणजे कोणाकडे तरी सरांचा फोन आहे. काकू, फोनला कुलूप होतं?"

"नाही. म्हणायचे, माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय!"

"तेव्हा फोन उचलणारा कोणीही निरोप पाठवू शकत होता. पण पाठवायचा कशाला? निरोप एकच सांगतो, विकू नका. दत्तप्रसादांना त्यात कवडीचा फायदा नाही. शिवाय त्यांना सरांची दोनशे दिवसांची अट तोंडपाठ आहे. या वेळी त्यांनी हा निरोप निवडलाच नसता. ज्याने निवडला त्याला बाजारातलं काही कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की शेअर विकले जाऊ नयेत. विकले की पैसे अभिनवच्या हातात येतात, म्हणून."

अभिनव वळला नाही. खिडकीतून खाली बघत राहिला.

"मुळात हे सगळे निरोप अभिनवसाठीच होते. बाजार चालू असेतो तो जेवत नाही. परवा मी पाहिलं. बाजार बंद झाला की फोन खाली, आणि मग जेवण. हे सरांना माहीत होतं. गुंतवणूक करणारा माणूस मिनिटामिनिटाला फोन बघत बसत नाही. तसं बघतो तो रोजच्या चढउतारावर डाव लावणारा. म्हणून सर सांगत होते, मुद्दलाला हात लावू नकोस. आणि म्हणून, आईकडे हा आवाज आल्यावर, कोणी पाठवला हा प्रश्न त्याने मला एकदाही विचारला नाही."

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," अभिनव म्हणाला. "तो निरोप मी शंभरदा ऐकलाय."

"मग बोलला का नाहीस?" आईने विचारलं.

"काय बोलू? की हे बाबांनी मला सांगितलंय? का सांगितलं, असं तू विचारलं असतंस."

नम्रताने पर्स उघडली आणि एक जुना, कडेला तडा गेलेला फोन काढून चहाच्या कपांमध्ये ठेवला. सरोजिनीबाई झटक्यात मागे सरकल्या, जणू टेबलावर नवराच येऊन बसला होता.

"दवाखान्यात कपड्यांची पिशवी माझ्या हातात दिली, तेव्हा फोन तिच्यातच होता," नम्रता म्हणाली. "परत देणारच होते, आई. फोटो बघायला उघडला आणि ह्याचे नि बाबांचे निरोप दिसले. बाबांनी दोन वेळा ह्याच्या तोट्याचा खड्डा भरलाय. मला लग्नाच्या बायकोला पत्ता नाही. मी समोरासमोर बोलले असते तर ह्याने उडवून लावलं असतं. तुम्हाला सांगितलं असतं तर घर मोडलं असतं. पण बाबांचा आवाज आला की हा गप्प व्हायचा. आठ-आठ दिवस विकायचं नावच काढायचा नाही. दोनदा जमलं, म्हणून तिसऱ्यांदा केलं."

"आणि तिसऱ्यांदा बाई खड्ड्यात गेल्या असत्या," दत्तप्रसाद न राहवून म्हणाला.

"मला नव्हतं माहीत!" नम्रता रडायला लागली. "मला वाटलं, बाबा आहेत म्हणजे बरोबरच असणार."

सरोजिनीबाई तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या मुलाच्या पाठीकडे बघत होत्या.

"म्हणजे ते तुला होतं," त्या हळूच म्हणाल्या. "घाबरू नकोस."

६

सोमवारी बाजार उघडला तेव्हा अभिनव आईच्या समोर, जमिनीवर बसलेला होता. बाईंनी स्वतः दत्तप्रसादला फोन लावला.

"निम्मं विका. हो, त्यांच्या नियमाप्रमाणे. बाकीचं राहू दे. आणि पैसे माझ्या एकटीच्या खात्यात. नाही, दोघांच्या नाही. एकटीच्या. ऐकू आलं का नीट?"

फोन ठेवून त्या मुलाकडे वळल्या. "यातलं तुला काही मिळणार नाही. मी वाघोलीला येणार नाही, तूच इथे राहायचं. बाजार उघडायच्या आत जेवायला वाढीन. माझ्यासमोर जेवायचं आणि फोन माझ्याकडे द्यायचा. बायकोलाही घेऊन ये. तिने मला फसवलंय ते मी विसरणार नाही. पण या घरात कोणाला काही करावंसं वाटलं ते तिलाच, हेही विसरणार नाही."

अभिनवने मान हलवली आणि फोन काढून आईच्या हातात दिला. मग तो नम्रताला घेऊन यायला निघाला. जिन्यावर त्याची पावलं लांब जाईपर्यंत बाई उभ्याच होत्या.

प्रियदर्शनी फीसाठी थांबली होती. सरोजिनीबाईंनी पाकीट कपाटातून काढलं, पण हातातच धरून ठेवलं.

"तू त्यांचा फोन सगळा पाहिलास ना?"

तुम्हीवरून त्या तूवर कधी आल्या, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

"हो, काकू. काल इथेच बसून."

"त्यात माझ्यासाठी काही होतं?"

प्रियदर्शनीला उत्तर माहीत होतं. विमा कंपनीत असताना याहून कडू सत्यं तिने कागदावर टाइप करून पोस्टाने पाठवली होती, आणि कधी मागे वळून पाहिलं नव्हतं. इथे एक म्हातारी समोर उभी होती. एक लहानसं खोटं सांगायला काही पडलं नव्हतं, आणि ते कधी उघडकीलाही आलं नसतं.

"नाही, काकू. एकही निरोप नाही."

सरोजिनीबाईंनी मान डोलावली आणि पाकीट तिच्या हातावर ठेवलं.

"बरं केलंस. हो म्हणाली असतीस तर तुझी फी बुडाली होती."

एवढं बोलून त्या खुर्चीत बसल्या आणि वैशाखापासून पहिल्यांदाच, तोंडावर पदर घेऊन, मोठ्याने रडल्या. प्रियदर्शनीने पाकीट न उघडताच पिशवीत टाकलं आणि त्यांच्या शेजारी बसून राहिली.